कोमट पाण्याचे शास्त्र

पहाटे गोठ्यात गाय एकसारखी हंबरू लागली, वैरणीला तोंड लावीनाशी झाली आणि काचेसारखी स्वच्छ, चिकट सोट टाकू लागली, की घरातील वडील माणसे ओळखतात, "गाय माजावर आली." पूर्वीच्या काळी यानंतर गावच्या वळूचा शोध सुरू होई. आज पशुवैद्यकास निरोप जातो. थोड्याच वेळात मोटारसायकलवरून एक गृहस्थ येतात, पाठीमागे बांधलेले जाड भिंतींचे पात्र उतरवितात आणि घरातील मुलास म्हणतात, "बाळ, थोडे कोमट पाणी आण."

आम्ही खेड्यांतून शाळेत येणारी मुले. हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे व ते पाणीही आम्हीच नेऊन दिलेले आहे. परंतु ते कशासाठी लागते, ते किती कोमट असावे व तसे ते नसले तर काय बिघडते, हे प्रश्न आम्हांस कधी पडले नाहीत. यंदा एका घटनेने ते पडले. त्या अभ्यासातून जे समजले, ते प्रस्तुत लेखात क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ती घटना. आमच्यापैकी एकाच्या घरची गाय गेल्या वर्षी दोन वेळा उलटली. म्हणजे कृत्रिम रेतन होऊनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दोन्ही वेळी पाणी आणून देण्याचे काम आमच्या ह्या मित्राकडेच होते. चुलीवरील हंड्यातले कढत पाणी तांब्यात घ्यावे, त्यात थंड पाणी ओतावे, बोट बुडवून पाहावे व "चालेल" असे मनाशी म्हणून ते पुढे करावे, अशी त्याची रीत. त्या बोटाचा आणि गाईच्या उलटण्याचा काही संबंध असेल काय, हा प्रश्न त्यानेच वर्गात विचारला. लेखाचे मूळ ह्या प्रश्नात आहे.

आता त्या पात्रात काय असते ते पाहू. पात्राला दोन भिंती असून त्यांच्यामधील जागा निर्वात केलेली असते. जेम्स ड्यूअर ह्या शास्त्रज्ञाने १८९२ साली जी निर्वात बाटली सिद्ध केली, तिचेच हे मोठे रूप. आपल्या घरातील चहाचा थर्मासही त्याच कुळातला. पात्रात द्रवरूप नायट्रोजन भरलेला असतो. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस. ह्या द्रवात प्लॅस्टिकच्या बारीक कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. प्रत्येक कांडी सुमारे १३ सेंटिमीटर लांब, खराट्याच्या काडीपेक्षा किंचित जाड, आणि तिच्यात उत्तम वळूचे पाव मिलिलिटर विरळ केलेले वीर्य गोठविलेले असते. कांडीवर वळूचा क्रमांक, त्याची जात व वीर्य गोठविल्याची तारीख छापलेली असते. आपल्या देशातील मानकाप्रमाणे एका कांडीत किमान २ कोटी शुक्राणू असावे लागतात व वितळविल्यानंतर त्यांतील निदान निम्मे तरी हालचाल करणारे आढळावे लागतात.

ही कांडी माणसाच्या हाती येण्यास फार काळ लागला. इटलीतील स्पालांझानी ह्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १७८० साली एका कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला व ६२ दिवसांनी तिला तीन पिले झाली. आपल्या देशात ह्या पद्धतीचा पहिला यशस्वी प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत डॉ. संपत कुमारन् यांनी हळ्ळीकर जातीच्या गाईंवर केला. परंतु त्या काळी वीर्य ताजे वापरावे लागे. थंड जागी ठेवूनही ते काही दिवसांपलीकडे टिकत नसे. वळूपासून दूर असलेल्या गावास त्याचा लाभ मिळणे कठीण होते.

ही अडचण १९४९ साली दूर झाली, आणि तीही एका चुकीमुळे! लंडनजवळील मिल हिल येथील संशोधनसंस्थेत पोल्ज, ऑड्री स्मिथ व पार्क्स हे तिघे कोंबड्याचे वीर्य गोठविण्याचे प्रयोग करीत होते. फळांतील साखरेचे द्रावण म्हणून त्यांनी शीतगृहातील एक बाटली घेतली आणि गोठविलेले शुक्राणू वितळविल्यावर पुन्हा हालू लागलेले पाहून ते चकित झाले. बाटलीतील द्रवाची परीक्षा केली तेव्हा तीत साखर नव्हतीच, होते ग्लिसरीन. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. चूक झाली हे भाग्य खरे. परंतु ती दडवून न ठेवता तिचा शोध घेण्यात त्यांचे शास्त्रज्ञपण दिसते. पुढे लवकरच, १९५१ साली, गोठविलेल्या वीर्यापासून जगातील पहिले वासरू जन्मास आले.

कांडीची कथाही अशीच मनोरंजक आहे. डेन्मार्कमधील सोरेन्सेन यांनी १९४० च्या सुमारास वीर्य भरण्यासाठी ओट धान्याच्या ताटाच्या पोकळ काड्या वापरून पाहिल्या. फ्रान्समधील कासू यांनी पुढे तिला आजच्या प्लॅस्टिकच्या कांडीचे रूप दिले. महाराष्ट्रात पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत खेडोपाडी रुजविली. कर्नाटकात बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे वीर्य गोठविण्याची व त्याचे शिक्षण देण्याची केंद्र शासनाची संस्था आहे. अशा रीतीने शेकडो मैलांवरील वळूचा वंश आमच्या गोठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

परंतु तो येतो निद्रिस्त अवस्थेत. त्याला जागे करण्याचे काम मात्र आमच्या अंगणात, आमच्या तांब्यातील पाण्यात व्हावयाचे असते. आणि सर्वांत नाजूक क्षण तोच आहे.

शुक्राणू ही एक सजीव पेशी आहे. तिच्यात पाणी असते व तिच्याभोवती अत्यंत तलम आवरण असते. पाणी गोठले की त्याचे स्फटिक बनतात. हे स्फटिक पेशीच्या आत वाढले तर सुईने रेशमी वस्त्र फाटावे तसे ते आवरण फाटते. शिवाय बाहेरील पाण्याचा बर्फ होऊ लागला म्हणजे उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते, व तेही पेशीस बाधक होते. म्हणून वीर्य गोठविण्यापूर्वी त्यात ग्लिसरीन मिसळतात. ते पेशीत शिरते, तेथील काही पाण्याची जागा घेते व स्फटिकांचा जोर कमी करते. जोडीला अंड्यातील पिवळ्या बलकासारखा पदार्थ घालतात. तो एकदम बसणाऱ्या थंडीच्या धक्क्यापासून आवरणाचे रक्षण करतो. ह्या तयारीनंतर ठरावीक वेगाने तापमान उतरवीत कांडी नायट्रोजनमध्ये बुडविली जाते. तेथे सर्व जीवनव्यापार थांबतात. नायट्रोजनची पातळी राखली तर ती कांडी वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते.

आता मुख्य प्रश्न असा की, ही कांडी हळूहळू वितळवावी की झटपट? आम्ही वर्गात मते घेतली तेव्हा बहुतेकांनी "हळूहळू" असेच सांगितले. आजारी माणसास जसे आस्ते आस्ते उठवून बसवावे, तसे गोठलेल्या जीवासही सावकाश ऊब द्यावी, असे आपल्या मनास सहज वाटते. परंतु येथे मन फसते. शास्त्राचे उत्तर उलट आहे : कांडी झटपट वितळली पाहिजे.

याचे कारण एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. चांगली जमलेली कुल्फी खाताना जिभेस बर्फाचे कण जाणवत नाहीत. कारण ते फार बारीक असतात. तीच कुल्फी अर्धवट पातळ होऊन पुन्हा कडक झाली, की तिचा मऊपणा जातो व दाताखाली खरखरीत कण येतात. बारीक स्फटिक विरघळून त्यांचे पाणी मोठ्या स्फटिकांना जाऊन मिळते. लहान नाहीसे होतात व मोठे आणखी मोठे होतात. कांडी सावकाश तापू लागली, तर शून्याखालील काही दशक अंशांच्या पट्ट्यात नेमके हेच घडते. गोठविताना जे स्फटिक निरुपद्रवी इतके बारीक ठेवले होते, त्यांना वाढण्यास वेळ मिळतो आणि वितळविता वितळविता पेशी मरते. तो धोक्याचा पट्टा जितक्या लवकर ओलांडावा तितके बरे. उणे १९६ पासून ३७ अंशांपर्यंत एकूण २३३ अंशांचा हा चढ आहे. बारीक कांडी कोमट पाण्यात पूर्ण बुडविली, तर धोक्याचा भाग ती काही सेकंदांतच ओलांडते. हातात, खिशात किंवा नुसत्या हवेत धरलेल्या कांडीला तोच चढ चढण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो.

मग पाणी चांगले कढत का घेऊ नये? प्रयोगशाळेत ६० ते ७० अंशांच्या पाण्यात मोजके काही सेकंद कांडी बुडवून शुक्राणू उत्तम स्थितीत मिळाल्याचे प्रयोग झालेले आहेत. परंतु तेथे एक-दोन सेकंदांची चूकही प्राणघातक ठरते. गोठ्यात एका हाताने चिमटा, दुसऱ्या हाताने झाकण सांभाळणाऱ्या माणसाकडून इतकी काटेकोर वेळ पाळली जाणे शक्य नाही. ३७ अंशांच्या पाण्याचा गुण असा की, तेथे कांडी झटपट वितळते, आणि क्षणभर अधिक राहिली तरी पाण्याची उष्णता गाईच्या शरीराच्या उष्णतेहून अधिक नसल्याने ती भाजून निघत नाही. म्हणून आपल्याकडे ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद, असा नियम सांगितला जातो. काही देशांत याहून थोडी वेगळी वेळ सांगतात. ज्या केंद्राने वीर्य गोठविले, त्याची सूचना प्रमाण मानावी, हे सूत्र सर्वत्र सारखेच आहे.

प्रत्यक्ष कृती पुढीलप्रमाणे असते. पाणी अगोदर तयार ठेवून तापमापकाने पाहावे; पात्र उघडून मग पाण्याची वाट पाहत बसू नये. कांड्यांची उभी डबी पात्राच्या गळ्यातील हिमरेषेच्या वर आणू नये. हवी ती कांडी चिमट्याने काही सेकंदांत उचलावी. तेवढ्या वेळात ती सापडली नाही, तर डबी पुन्हा नायट्रोजनमध्ये उतरवून मग शोधावे. कारण एक कांडी काढताना शेजारच्या दहा कांड्या उबेत आल्या, तर त्यांचे नुकसान पुन्हा गार केल्याने भरून येत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. उचललेली कांडी हलकेच झटकून तिला चिकटलेला नायट्रोजन उडवावा व ती लगेच पाण्यात पूर्ण बुडवून घड्याळाकडे पाहावे.

अर्धे मिनिट झाले, की कांडी बाहेर काढून स्वच्छ कापसाने किंवा कागदाने पूर्ण कोरडी करावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. तशी ती नाही. साध्या पाण्याचा थेंब वीर्यात मिसळला तर शुक्राणू पाणी शोषून फुगतात व मरतात. जे पाणी बाहेरून प्राण देते तेच आत शिरले तर प्राण घेते! त्यानंतर कांडीवरील क्रमांक वाचून नोंद करावी, कांडीतील हवेचा बुडबुडा बंद केलेल्या टोकाकडे आणावा व तेथे कात्रीने ती सरळ कापावी. तिरपी कापली तर ती रेतन-नळीत नीट बसत नाही व वीर्य मागे गळते. रेतन-नळीही हाताने चोळून अगोदर किंचित उबदार करावी लागते. जागे झालेले शुक्राणू पुन्हा गार झाले तर त्यांना दुसरा धक्का बसतो. आमच्या बेळगाव भागात मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे गार वारा वाहत असतो. अशा वेळी भरलेली नळी कपड्याच्या आत अंगाशी धरून न्यावी. वितळविलेले वीर्य सुमारे १५ मिनिटांच्या आत गर्भाशयाच्या मुखापलीकडे पोहोचले पाहिजे. ते पुन्हा गोठविता येत नाही. म्हणून गाय खोड्यात बांधून तयार होण्यापूर्वी कांडी वितळवू नये.

एवढे वाचल्यावर आम्ही आमच्या मित्राच्या बोटाची परीक्षा घेण्याचे ठरविले. शाळेच्या प्रयोगशाळेत पाच जणांनी केवळ हाताच्या अंदाजाने 'कोमट' पाणी तयार केले व प्रत्येकाच्या भांड्यात तापमापक बुडविला. सर्वांत कमी निघाले ३१ अंश व सर्वांत अधिक ४४ अंश. पाचही जण आपलेच पाणी बरोबर आहे असे शपथेवर सांगत होते! नंतर एकाने डावा हात थंड पाण्यात व उजवा गरम पाण्यात काही वेळ ठेवून मग दोन्ही हात एकाच भांड्यात घातले. तेच पाणी डाव्या हातास गरम व उजव्यास गार लागले. आपली त्वचा तापमान मोजीत नाही; स्वतःच्या आणि पाण्याच्या उष्णतेतील फरक तेवढा सांगते. गार वाऱ्यातून आलेल्या हाताला तीस अंशांचे पाणीही चांगले ऊन वाटते, आणि चुलीपाशी बसलेल्या हाताला चाळीस अंशांचे पाणीही कोमटच भासते. 'कोमट' हा शब्द बोलण्यापुरता चांगला आहे. मापाचे काम त्याच्याकडून होणार नाही.

आता ह्या चुकीची किंमत किती, हेही पाहू. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू मिळावे अशी इच्छा असेल, तर विण्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहावयास हवी. कारण २८० आणि ८५ मिळून ३६५ होतात. गाय उलटली की पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. दोनदा उलटली तर ४२ दिवस गेले. पुढील वेत तितके लांबते व भाकड काळ तितका वाढतो. भाकड जनावरास वैरण-पेंड मिळून रोज १५० रुपये खर्च येतो असे समजले, तर ४२ दिवसांचे ६,३०० रुपये होतात. ज्या घरी एका गाईच्या दुधावर वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, तेथे हा आकडा लहान नाही. तापमापकास त्या मानाने फारच थोडे पैसे पडतात.

तथापि सर्व दोष पाण्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. गाय उलटण्याची कारणे अनेक आहेत : माज ओळखण्यात चूक, वेळ साधण्यात चूक, आहारातील उणीव, गर्भाशयाचे विकार, पात्रातील नायट्रोजन कमी होणे, अशी यादी मोठी आहे. सकाळी माज दिसला तर सायंकाळी व सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा साधा नियमही पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही. आमच्या मित्राच्या घरी तिसऱ्या वेळी तापमापक वापरला गेला व गाय गाभण राहिली. ऐकून आम्हां सर्वांस आनंद झाला. परंतु एका गाईवरून "पाणीच कारण होते" असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. त्या वेळी माजाची वेळही काळजीपूर्वक पाहिली होती व गाईस महिनाभर खनिज-मिश्रणही दिले होते. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तेव्हा श्रेय कोणत्या एकीचे हे आम्ही कसे सांगावे? सांगता येते ते इतकेच की, ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या अंदाजावर सोडू नयेत.

यात विद्यार्थ्याने काय करावे, असे कोणी विचारील. रेतन करणे हे शिक्षण घेतलेल्या माणसाचे काम. त्यात आपण हात घालू नये. नायट्रोजनच्या पात्राशी तर मुळीच खेळू नये. त्याच्या स्पर्शाने कातडी भाजल्यासारखी होते आणि बंद खोलीत त्याची वाफ साचली तर श्वास कोंडतो. परंतु माज कधी दिसला ती वेळ वहीत लिहून ठेवणे, कांडीवरील क्रमांक टिपणे, स्वच्छ पाणी, कोरडा कापूस व तापमापक तयार ठेवणे, ह्या गोष्टी घरातील कोणत्याही मुलास किंवा मुलीस करता येतील.

कोठे तरी एका संस्थेत निवडलेला वळू, त्याची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद, गोठविणाऱ्यांचे कौशल्य, आठवड्यामागून आठवडे पात्रात भरलेला नायट्रोजन, उन्हापावसातून आलेला पशुवैद्यक, एवढ्या सगळ्यांचे श्रम शेवटी एका तांब्यातील पाण्यापाशी येऊन थांबतात. तो तांब्या आपल्या हातात असतो. पुढच्या वेळी अंगणातून "बाळ, कोमट पाणी आण" अशी हाक आली, तर त्याचा अर्थ 'सदतीस अंश' असा घ्यावा, आणि बोट कोरडेच ठेवावे.